रोझिनाचा उतारा

मातारा
रविवार, १३ जानेवारी २००२

प्रिय डॅगी,

तुझी नाताळची पेटी नाताळ उलटून तेरा दिवसांनी पोचली. चीजचा लाल गोळा सुखरूप होता, बिस्किटांचा मात्र पार भुगा. तरी त्या चीजमुळे माझ्या ब्रूडर केकची थोडी लाज राखली गेली. यंदा तो इतका घट्ट झाला होता की पाद्रीसाहेबांनी सुरी दोनदा बदलली आणि तोंडाने मात्र ‘छान, छान’ म्हणत राहिले. पुढच्या वर्षी विकतचा आणणार. या वयात बाईने पीठ मळायचं तरी किती?

इकडची बातमी म्हणजे आपल्या गावाला एकदम शहाणपणाची भरती आलीय. टेकडीवरच्या विद्यापीठात बाहेरदेशचे तीन अभ्यासक तीन शुक्रवार बोलणार आहेत. परक्यांच्या राज्यात माणसांचे वंश कसे ठरवले गेले, कोणाला आपलं म्हटलं आणि कोणाला नाही, असा काहीसा विषय आहे. मी गेले ते खरं सांगायचं तर पंख्याखाली बसायला आणि चहाबरोबरच्या पॅटिससाठी. पण परवाची बाई ऐकून घरी आले ती अजून तिच्याचबद्दल बोलतेय.

शहीदा अ‍ॅडम्स तिचं नाव, केपटाउनची. तिच्या आजीच्या केसांत म्हणे सरकारी माणसाने पेन्सिल खोचली होती. पेन्सिल घसरून पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. पोरं हसली. मला तुझ्या आईची, कॉनी आंटीची आठवण आली. आपल्या दोघींचे हात उलटे करून कोपराच्या आतला रंग बघायची, आठवतं? आणि माझा बघून मम्मीला म्हणायची, ‘मिनी, हिला उन्हात सोडू नकोस गं.’ दोन सख्ख्या बहिणींच्या मुली आपण, पण त्या कोपरापाशी मी नेहमी नापास.

शेवटी शहीदाबाई म्हणाल्या की त्यांच्या कुळातली पहिली बाई केपच्या कागदांत ‘सिलोनची कात्रीना’ म्हणून लिहिलेली आहे. इथून दासी म्हणून नेलेली. ‘म्हणजे मी माहेरी आले आहे,’ म्हणाल्या. मी त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायलाच बोलावलं. माहेरवाशिणीला कॅन्टीनमधलं कसं जेवू द्यायचं?

तिसरं भाषण मार्चमध्ये आहे. ते करणारी हॉलंडची फेमके आताच येऊन राहिलीय. उंच, लाल नाकाची, भर दुपारी सायकल हाणते. ती चर्चमध्ये आली, ऑर्गनचं कौतुक केलं आणि हळूच जुन्या नोंदवह्यांकडे वळली. पन्नास सालानंतर आपले मिश्र डच रक्ताचे जे लोक ऑस्ट्रेलियाला गेले, त्यांचा तिचा अभ्यास आहे. तेव्हा अर्जाला चर्चचा उतारा जोडावा लागायचा ना, घराणं युरोपी असल्याचा? ते उतारे तिला तुमच्याकडच्या सरकारी दप्तरात सापडलेत आणि आता मूळ नोंदींशी ताडून बघायचे आहेत. वह्यांच्या पेटीची किल्ली पापांच्या पश्चात माझ्याकडेच आहे. पाद्रीसाहेब हो म्हणालेत. तुमचाही कागद असेल त्यांत! भाषणात तुझं नाव आलं तर मी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवीन.

तुझ्या लेस्लीच्या गुडघ्याला आराम पडो.

तुझी,
आयोनी


ग्लेन वेव्हरली, मेलबर्न
२७ जानेवारी २००२

लाडके आयोनी,

इथे नुसती भट्टी पेटलीय. लेस्ली गुडघ्यावर बर्फ ठेवून क्रिकेट बघतो आणि मला पाणी मागतो, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आमच्या नायजेलला इथल्या सिलोनकर मंडळाचं अध्यक्ष केलंय. त्याने दिवाणखान्यात आपल्या घराण्याची वंशावळ सोनेरी चौकटीत लावली आहे आणि आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवतो, ‘ही आमची खापरपणजी योहाना, हॉलंडातल्या ऊट्रेख्टच्या सार्जंटची मुलगी.’ मुलगा खूश आहे, मी काही बोलत नाही.

तुझ्या त्या हॉलंडच्या बाईबद्दल सांगायचं होतं. तिला वह्या दाखवू नकोस. असले लोक येतात, आपले दात मोजतात आणि निघून जातात. त्यांचं पुस्तक होतं, आपल्या घरात मात्र वर्षानुवर्षं कुजबुज राहते. वाळवी लागली म्हण, ओल आली म्हण, किल्ली हरवली म्हण. तुला सबबी मी शिकवायच्या का? शाळेत असताना तूच मला शिकवायचीस.

मी हे उगाच म्हणत नाही. माझ्यासाठी नाही तर निदान तुझ्या पापांसाठी, हेक्टर अंकलसाठी तरी ऐक. पेटी उघडू नकोस.

बाकी सगळं ठीक. बिस्किटांचा भुगा कस्टर्डवर घाल, छान लागतो.

तुझी,
डॅगमार


मातारा
१० फेब्रुवारी २००२

डॅगी,

तू ‘उघडू नकोस’ लिहिलंस आणि मी तिसऱ्या दिवशी पेटी उघडली. माझा स्वभाव तुला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे दोष तुझा.

वाळवी नाही, ओलही नाही. पापांनी घातलेली कडुनिंबाची पानं अजून वह्यांत तशीच आहेत, हात लावला की पीठ होतं. मी एकटीच होते. सकाळची वेळ, दारं उघडी, बाहेर माळी झाडत होता. अठराशे एकसष्टच्या पानावर आपल्या पणजोबांचं लग्न सापडलं. वर पीटर रूलॉफ्स. वधू रोझिना, वय अठरा, त्याच घरी स्वयंपाकाला. आई सुटका झालेली दासी. बापाची जागा कोरी. बाप्तिस्मा त्याच दिवशी सकाळी. सहीच्या जागी फुली.

योहाना नाही. ऊट्रेख्ट नाही. सार्जंटचा तर पत्ताच नाही.

खरं सांगू? मी हसले. कॉनी आंटी माझं कोपर बघून नाक मुरडायची, आणि तिची सख्खी आजी रूलॉफ्सांच्या चुलीपाशी उभी होती! माझं कोपर कोणावर गेलंय ते शेवटी कळलं. त्या दिवशी बाजारात मासळीवाल्याने नेहमीसारखं ‘काय लान्सी नोना, आज काय देऊ?’ म्हणत मला डच बाई ठरवलं, तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं की बाबा, मी तुझ्यापेक्षा जुनी इथली असेन.

पण गुरुवारी फेमके तिच्याकडच्या प्रती घेऊन आली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. तुमच्या अर्जाला जोडलेला उतारा. त्यात योहाना, त्यात सार्जंट, खाली चर्चचा शिक्का. आणि अक्षर पापांचं. सही हेक्टर वाउटर्स, चर्चचे पंच. खाली तारीख, चार मार्च सत्तावन्न.

सत्तावन्न साल तुला आठवतच असेल, तुम्ही बोटीवर होतात. आमच्याकडे काय चाललं होतं ते मी तुला कधी धड लिहिलं नाही. आमच्याही ट्रंका भरून झाल्या होत्या. मम्मीने पडदेसुद्धा उतरवले होते. माझा एव्हरार्ड तुमच्याच बोटीने पुढे जाणार आणि मी चार महिन्यांत मागून, असं ठरलेलं. आणि एका दुपारी पापा शाळेतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, ‘आपण जात नाही.’ बस्स. का, ते सांगितलं नाही. मम्मी रडली, मी भांडले, ते टोपीकडे बघत बसले. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. एव्हरार्डने वर्षभर पत्रं पाठवली, मग लग्नाचा फोटो पाठवला. पापा गेले तेव्हा चर्चमध्ये ऑर्गन मी वाजवला नाही. माझं बोट दुखतंय, म्हटलं.

आता कळतंय की त्यांना खोटं लिहिता येत होतं. तुमच्यासाठी लिहिलं. पंचाने स्वतःच्या घरचा उतारा द्यायचा नाही हा नियम मलाही माहीत आहे, मी आता सात वर्षं पंच आहे. पण दुसरे पंच एबर्ट अंकल होतेच की. त्यांच्याकडे एक शब्द टाकायचा, तेवढीसुद्धा जीभ उचलली नाही. मेहुणीची मुलगी गेली पाहिजे, स्वतःची राहिली तरी चालेल!

फेमके भली आहे. म्हणाली, भाषणात दोन्ही कागद शेजारी शेजारी पडद्यावर दाखवीन, पण नावांवर पट्ट्या लावीन. मी म्हटलं, काही झाकू नका. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाउटर्स सरांनी खरं बोलायला शिकवलंय. त्यांनाही बघू दे.

भाषण १५ मार्चला आहे. तुला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग. तू पापांचं नाव का काढलंस?

आयोनी


ग्लेन वेव्हरली
१९ फेब्रुवारी २००२

आयोनी,

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं, घरात वाचायचा धीर झाला नाही. हे उत्तर नायजेलला न सांगता लिहिते आहे, आणि एकदाच लिहिणार आहे, म्हणून मध्ये हवापाण्याचं काही घालत नाही.

तो उतारा माझ्यामुळे लिहिला गेला. मी तिथे होते.

सिंहली राजभाषा झाली तशी माझ्या डॅडींना त्यांच्या पोस्टखात्यातून चिठ्ठी आली होती, ठरल्या मुदतीत सिंहलीची परीक्षा द्या नाहीतर नोकरी सोडा. डॅडींना सिंहलीत भाजीसुद्धा विकत घेता येत नव्हती. ते दिवसभर खिडकीत बसून राहायचे आणि मम्मी त्यांच्यासमोर चमचेसुद्धा वाजू द्यायची नाही. ऑस्ट्रेलियाचा नियम तुला माहीत आहे, चार वाट्यांतले तीन वाटे युरोपी, आणि दिसायलाही तसं. मम्मीच्या आईकडे एक सिंहली आजी आधीच होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. त्यापलीकडे जागा नव्हती.

दुपारी शाळा सुटल्यावर मी हेक्टर अंकलना चर्चमध्ये गाठलं. उतारा मागितला. त्यांनी पेटी उघडली, ते पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. रोझिनाची फुली मी एकविसाव्या वर्षी बघितली आहे, आयोनी. मी रडले. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांनी ते पान स्वतःकडे ओढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ‘बस.’ आणि लिहायला घेतलं. पहिला कागद वाया गेला.

रागात तू एक गोष्ट विसरलीस. एबर्ट अंकल न वाचता सही करणारे नव्हते. ते चष्मा पुसून मूळ वही उघडायचे आणि अक्षर न् अक्षर ताडून बघायचे. मिनी आंटीचा उतारा त्यांच्यासमोर गेला असता तर त्यांना रोझिना दिसली असती. आणि दोघी बहिणींची आजी एकच. म्हणजे आमचा कागद खोटा, हे त्याच दिवशी उघडं पडलं असतं. एबर्टनी ते दडवलं नसतं.

हेक्टर अंकलना हे लिहायला बसण्याआधीच कळलं होतं. दौतीत टाक बुडवून ते मला म्हणाले, ‘डॅगमार, मी यावर सही केली की मिनीचा कागद मला कधीच मागता येणार नाही.’ मी म्हटलं, मग नका करू. ते म्हणाले, ‘तुझ्या बापाचं इथे कसं व्हायचं? मला सिंहली येतं, माझी शाळा आहे. आम्ही जगू.’

सही झाल्यावर त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. तुला सांगायचं नाही. ‘तिला कळलं तर ती एबर्टच्या दारात जाऊन भांडेल, आणि तुम्ही सगळे बोटीवरून उतराल. माझ्यावर रागावू दे. पोरींचा राग किती दिवस टिकतो?’ असं म्हणून हसले होते. मला ते हसू अजून दिसतं.

आम्ही इथे रुळलो की मी तुला सांगणार होते. मग तुझं एव्हरार्डचं कळलं आणि माझी छाती झाली नाही. अंकल गेल्याचं तुझं पत्र आलं, त्यात तू लिहिलं होतंस की ऑर्गन दुसऱ्याने वाजवला. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी काय लिहिलं ते तुझ्याकडे असेल तर काढून बघ. मी तुला मेलबर्नच्या थंडीबद्दल लिहिलं होतं.

आता तुला योग्य वाटेल ते कर. माझं नाव झाकू नकोस, नायजेलचं मी बघून घेईन. फक्त लोकांनी त्यांना लबाड म्हणू नये. मी बोटीवर चढले ती त्यांच्या अंगावर पाय देऊन. मला क्षमा कर असं म्हणायलाही तोंड नाही.

डॅगमार


मातारा
१७ मार्च २००२

डॅगी,

तुझं पत्र पाच तारखेला आलं. मी ते तीनदा वाचलं आणि भजनाच्या पुस्तकात ठेवलं. फोन केला नाही, कारण मला रडताना कुणी ऐकलेलं आवडत नाही, त्यातून तू तर नाहीच.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. टोपी अडकवायची ती खुंटी अजून दारामागे आहे. येता जाता तिच्याकडे बघत होते. ते तेव्हा टोपीकडे का बघत बसले होते ते आता कळलं. माझ्याकडे बघितलं असतं तर त्यांनी सांगून टाकलं असतं. चौदा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो गं. ते मीठ पुढे सरकवायचे आणि मी ‘नको’ म्हणायचे.

मग मी फेमकेकडे गेले आणि म्हटलं, पट्ट्या लाव, पण शेवटी मला दोन मिनिटं दे. का, ते तिने विचारलं नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. आपले म्हातारे पुढच्या रांगेत, इस्त्री करून. (दुसऱ्या भाषणाला यांतला एकही नव्हता. कोलकात्याचे गृहस्थ विद्वान होते, पण मीसुद्धा अर्ध्यात पेंगले.) फेमकेने दोन्ही कागद पडद्यावर टाकले, डावीकडे रोझिना, उजवीकडे योहाना. सरकारला माणूस कागदावर गोरा हवा होता आणि लोकांनी तो कागदावर गोरा करून दिला, असं ती शांतपणे सांगत गेली. कुणाला दोष दिला नाही. प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उभी राहिली, केसांना तेल, चुरूचुरू बोलणारी. म्हणाली, ‘पण ही खोटी सही करणारा माणूस कोण? गोरेपणाचा दलालच ना?’ लोक हसले.

मी उठले. पुढच्या बाकाला धरून उभी राहिले.

‘ती पट्टी काढ, फेमके,’ म्हटलं. ‘सही हेक्टर वाउटर्सची आहे. माझे वडील. कागद खोटा आहे आणि तो त्यांनी जाणूनबुजून लिहिला, माझ्या मावशीचं घर जगावं म्हणून. तो लिहिला म्हणून आम्हाला जाता आलं नाही. हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. आणि डावीकडची ती फुली माझ्या पणजीची.’

एवढंच बोलले. मग पुढच्या रांगेतले म्हातारे फर्नांडो, ज्यांना पापांनी गणितात दोन वर्षं नापास केलं होतं, ते काठी टेकत उभे राहिले. त्यांच्यामागे एकेक करून सगळी रांग उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शाळेत सर वर्गात आले की उभे राहायचे ना, तसे.

चहाच्या वेळी ती तेल लावलेली मुलगी आली आणि वाकून नमस्कार करून म्हणाली, चुकलं. मी म्हटलं, चुकलं नाही, प्रश्न बरोबरच होता, मीही तोच विचारत होते. तिला दोन पॅटिस खाऊ घातली.

आज सकाळी प्रार्थनेनंतर सगळे गेल्यावर मी दारं उघडी ठेवली आणि त्यांच्या दफनाच्या दिवशीचं भजन वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचा दगड खिडकीबाहेरच आहे. बोट दुखत नव्हतं. तेव्हाही दुखत नव्हतं, हे त्यांना सांगितलं.

तुझ्यावर मी रागावलेली आहे. पंचेचाळीस वर्षांतलं एखादं पत्र तरी थंडीबद्दल नसतं तर बरं झालं असतं. आणखी पंधरा दिवस रागावणार आहे. ईस्टरनंतर लिही.

आयोनी


ग्लेन वेव्हरली
४ एप्रिल २००२

लाडके आयोनी,

तू ईस्टरनंतर म्हणालीस म्हणून थांबले. तोवर मी हातावर हात ठेवून बसले होते, लेस्लीने तीनदा विचारलं की डॉक्टरकडे जायचं का.

नायजेलला मी सगळं सांगितलं. त्याने चौकट भिंतीवरून काढली, कपाटामागे ठेवली आणि तीन दिवस माझ्याशी फक्त दूध आणि पेट्रोल यांवर बोलला. चौथ्या दिवशी चहा घेऊन आला आणि विचारलं, ‘रोझिना लग्नात किती वर्षांची होती?’ मी म्हटलं, अठरा. तो म्हणाला, ‘आपल्या टेसाएवढी.’ आणि रडला गं. चाळिशी ओलांडलेला माणूस.

आता त्याच्या लेकीने, टेसाने, डोक्यात घेतलंय की भिंतीवर खरा उतारा लागला पाहिजे, चर्चच्या शिक्क्याचा. रोझिनाचा. मंडळातल्या दोघा-चौघांनी नाकं मुरडली, तर नायजेल त्यांना म्हणाला की तुमचीही वही उघडून आणू का? तेव्हापासून शांतता आहे.

तू पंच आहेस. देशील का सही करून? तुझ्याच हातची हवी.

तुझी,
डॅगमार


मातारा
२८ एप्रिल २००२

प्रिय डॅगी,

राग पंधरा दिवसांच्या आधीच उतरला. तुला कळवलं नाही, उगाच शेफारली असतीस.

उतारा मी लिहिला, पापांचाच टाक घेऊन. पण सही माझी नाही. नियम अजून तोच आहे, पंचाने स्वतःच्या घरचा उतारा द्यायचा नाही, आणि रोझिना माझ्या घरची. म्हणून तो दुसऱ्या पंचाकडे न्यावा लागला. हल्ली एबर्ट अंकलच्या जागी तिलका आहे, सरकारी इस्पितळात मेट्रन, कामाला कडक. मंगळवारी सकाळी मी वही काखेत मारून तिच्या दारात उभी राहिले. आणि डॅगी, कडी वाजवायला उचललेला हात दोनदा मागे घेतला. सगळं माहीत असून, सगळ्या गावासमोर सांगून झालेलं असूनसुद्धा. तेव्हा समजलं, पापांनी ही पायरी का चढली नसेल.

तिलकाने चष्मा पुसला. वही उघडली, बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. दासी, कोरी जागा, फुली, सगळं. मग सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि म्हणाली, ‘झालं. चहा घेणार ना, आयोनी?’

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी चहा घेतला आणि शाई वाळेपर्यंत तिथेच बसले.

उतारा सोबत पाठवते आहे. चौकट उन्हात लावू नका, शाई उडते.

तुझी,
आयोनी